सीलबंद सिंथमधले लाल ठिपके

समस्त वाचकवर्गास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत इसम, वय वर्षे त्रेपन्न, राहणार बमरोली, सुरत, याने आजवर भूत, भानामती, करणी आणि चकवा यांपैकी एकाही गोष्टीवर विश्वास ठेवलेला नाही, आणि हा मजकूर लिहितानाही तो ठेवत नाही. सबब, 'दिनूभाऊ घाबरला' अशी अफवा ज्यांना पसरवायची असेल त्यांनी ती स्वतःच्या जबाबदारीवर पसरवावी.

घाबरलो होतो, हे मात्र खरं आहे.

तर मंडळी... आमचे वडील अमळनेरकडून इथे मिलमध्ये आले. मी पण चार वर्षं लूमवर काढली. तिथे उजव्या हाताचा अंगठा पट्ट्यात सापडला आणि तो आजतागायत सरळ होत नाही. अंगठ्याने मिल सोडली, मग मीही सोडली. तेव्हापासून वाजवायच्या पेट्या दुरुस्त करतो. हार्मोनियम नव्हे, विजेवर चालणाऱ्या. कीबोर्ड, ऑर्गन आणि जुने सिंथेसायझर. चाळीस-चाळीस वर्षांचे हे सिंथ ऑर्केस्ट्रावाल्यांच्या माळ्यावर पडलेले असतात. अलीकडे त्यांना पुन्हा मागणी आली आहे, कारण तो आवाज म्हणे आता मिळत नाही.

जुन्या सिंथमध्ये बिघडतं काय, तर कॅपॅसिटर. आम्ही त्याला कंडेन्सर म्हणतो. छोटे छोटे डबे असतात, आत ओलसर रसायन. वर्षं गेली की ते सुकतं, नाहीतर फुगून बाहेर येतं. मग सिंथ गुरगुरतो, सूर हलतो, शेवटी बंद पडतो. उपाय एकच — सगळे काढायचे, सगळे नवे बसवायचे. काढलेला प्रत्येक मी थर्माकोलच्या तुकड्यावर खोचतो, बोर्डावर जिथे होता तशाच जागी, म्हणजे घोटाळा नको.

माझं काम सुरतेतला कुठलाही कारागीर लांबून ओळखतो. वाकड्या अंगठ्यामुळे कंडेन्सरचे पाय मी नेहमी डावीकडे मोडतो, बाकीचे सगळे उजवीकडे. सोल्डरच्या प्रत्येक टाक्यावर मंगलच्या — म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या — लाल नेलपॉलिशचा एक ठिपका देतो. माझ्यानंतर कोणी हात घातला तर कळावं म्हणून. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने माझं नाव आणि कामाचा नंबर. ही सही सगळेच कारागीर करतात. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, पण पुढच्या कारागिराला दिसते. आमची एकमेकांना ओळख ती तेवढीच.

आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. मला लोकांना बनवायला आवडतं. कतारगामचे हर्षदभाई याच धंद्यातले, माझे जुने मित्र. त्यांच्याकडे जाणाऱ्या एका ऑर्गनमध्ये मी एकदा 'इथपर्यंत आलात, आता मागे फिरा' अशी चिठ्ठी घालून ठेवली होती. एका लग्नात मी शॉक बसल्याचं सोंग करून स्टेजवर आडवा पडलो होतो. नवरदेव पळाला. लोक अजून हसतात. हे सोंग मला पुढे किती महागात पडलं असतं, ते आता येईलच.

त्या सोमवारी सकाळी सुदामदादा रिक्षातून उतरले. सुदामदादा भेस्तानला राहतात. डाइंग मिलमधून निवृत्त झालेला माणूस. एकेकाळी भीमगीतांच्या पार्टीत सिंथ वाजवायचे, आणि सगळा पांडेसरा त्यांना त्या सिंथवरून ओळखायचा. मागे अर्धांगवायूचा झटका आला, डावा हात कापायला लागला, वाजवणं सुटलं. बरोबर त्यांची मुलगी संगीता होती. दिवसभर भरतकामाच्या युनिटमध्ये काम करते, आणि बापाच्या भाषेत सांगायचं तर 'गळा आमच्या सात पिढ्यांत नव्हता असा' आहे.

"जयभीम, दिनूभाऊ," दादा म्हणाले. "हा उठवून द्या. रविवारी विहाराचा वर्धापनदिन आहे. पोरगी पहिल्यांदा स्टेजवर गाणार, आणि साथ मी करणार."

"एवढे कीबोर्डवाले पडलेत. तरुण, ताजे..."

"कीबोर्डवाले पडलेत. बाप एकच आहे."

संगीता हळूच म्हणाली, "काका, सहा महिने रोज लाकडी पाटावर बोटं फिरवताहेत. तेवढ्यासाठी हात सुधारलाय. नाही झालं तर ते परत कशालाच हात लावायचे नाहीत."

मी वहीत नंबर टाकला — अकराशे शेहेचाळीस. तोच नंबर चिठ्ठीवर लिहून पेटीच्या दांडीला बांधला.

"आधी कोणी उघडलाय?" मी विचारलं.

"कोणीच नाही. नवा घेतला तेव्हापासून माझ्याच घरी. बिघडलाच नव्हता कधी, बंद पडला तो एकदम बंद पडला."

ते गेले. मी सिंथ उलटा केला. दादा खरं बोलत होते. झाकणाच्या आठही स्क्रूंवर कंपनीचा हिरवा रंग होता. तो कारखान्यातच लावतात, स्क्रू फिरवला की तडकतो. एकही तडकलेला नव्हता. आठही मीच तडकवले, माझ्या हाताने, दिवसाउजेडी, अकराच्या सुमारास, दुकानाचं शटर पूर्ण उघडं.

झाकण उचललं.

आत माझं काम होतं.

माझ्यासारखं नव्हे... माझं. एकूण एक कंडेन्सरचा पाय डावीकडे मोडलेला. प्रत्येक टाक्यावर लाल ठिपका. पण ते ठिपके तडे जाऊन विटकरी झाले होते, टाके राखाडी पडले होते आणि कंडेन्सर सगळे फुगून वर आले होते, काहींच्या बुडाशी तपकिरी ओघळ. तीस-चाळीस वर्षं आत बसून म्हातारं झालेलं माझं काम. मी झाकण उलटं करून पाहिलं. धुळीचा थर होता. बोटाने पुसला. धुळीच्या खाली शाई होती.

माझी सही. तिच्याखाली नंबर अकराशे शेहेचाळीस. आणि त्याखाली, माझ्याच अक्षरात, 'चालू करू नये.'

मी उठून बाहेर ओट्यावर गेलो. समोर चहावाला गिऱ्हाइकाशी भांडत होता, टेम्पोतून कापडाचे तागे उतरत होते. सगळं जागच्या जागी. परत आत आलो. सही होतीच.

आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी काय केलं? मी हसलो. मोठ्याने हसलो. आतून मंगल चहा घेऊन आली.

"तुले काय व्हयनं?" आमच्या घरी अहिराणी चालते.

"हर्षदभाईने उधारी फेडली," मी म्हणालो.

मला दुसरं काही सुचलंच नाही. मी जन्मभर लोकांना बनवलं, आता कोणीतरी मला बनवलं. हर्षदभाईंना माझी सगळी लक्षणं तोंडपाठ. चहाच्या पाण्याने आणि राखेने कुठलीही गोष्ट जुनी करता येते. दादांना सामील करून घेतलं असेल. फोन लावला.

"हर्षदभाई, मान गए. पण अक्षर कसं काढलंत?"

"कोनु अक्षर? गांडो थई गयो के शुं?" वेडा झालास का, म्हणे. पलीकडून लग्नाचा बँड ऐकू येत होता. ते तीन दिवसांपासून राजकोटला होते, पुतणीच्या लग्नात.

"मग कोणाला पाठवलंत?"

"भाई, वरात निघतेय. बाद में."

फोन ठेवला आणि लक्षात आलं. नंबर. तो नंबर मी तासाभरापूर्वी वहीत टाकला होता. त्याआधी तो जगात कोणालाच ठाऊक नव्हता, मलासुद्धा नाही.

इथे खरं तर थांबायला हवं होतं. पण मंडळी, जो माणूस दुसऱ्याला बनवतो ना, त्याला स्वतः बनलो असं दिसणं मरणाहून वाईट वाटतं. कुठूनतरी कोणीतरी बघत असेल, मी घाबरून दादांना फोन करतो का याची वाट बघत असेल, असंच डोक्यात बसलं. म्हटलं, बघा, दिनू असा घाबरत नाही. कापसावर थिनर घेतलं आणि झाकण पुसून काढलं. सही गेली, नंबर गेला. 'चालू करू नये' ही ओळ सगळ्यात शेवटी गेली. दोनदा घासावी लागली.

मग कामाला लागलो. तीन दिवस गेले. एकेक फुगलेला कंडेन्सर काढला, थर्माकोलवर खोचला, नवा बसवला. माझेच टाके उसवताना हाताला विचित्र वाटायचं. दुसऱ्याचं काम उसवताना थोडं चाचपावं लागतं, कुठे किती सोल्डर असेल याचा अंदाज घ्यावा लागतो. इथे काही चाचपावं लागत नव्हतं. हाताला आधीच माहीत होतं.

फक्त एका जागी तो... काय म्हणू त्याला... आधीचा कारागीर वेगळा वागला होता. वीज जिथून पेटीत शिरते, तिथे सर्किटच्या नकाशात एक चपटी चकती दाखवली होती. तोही कंडेन्सरच. एक पाय विजेच्या वायरीला, दुसरा पेटीच्या पत्र्याला. खरखर कमी करायला असतो. जुन्या दोन पिनांच्या यंत्रात ही जागा धोक्याची. इथे खास बनावटीची निळी चकती लागते, ती खराब झाली तरी आतून तुटते. साधी चकती खराब झाली तर आतून जुळते. आणि जुळली की पेटीचा सगळा पत्रा थेट विजेला लागतो.

ती चकती नव्हतीच. कापून काढलेली. पायांचे दोन बुंधे तेवढे राहिले होते, आणि त्या बुंध्यांवर लाल ठिपके. म्हणजे विसरलेलं नव्हतं. विचार करून काढली होती.

मी काय म्हणालो असेन? "नकाशात आहे, मग बसवायला पाहिजे." अर्धवट काम माझ्या हातून जात नाही ना. शुक्रवारी दुपारी ती चकती बसवली. सगळ्यांवर ठिपके दिले. सही मात्र केली नाही. मार्कर हातात घेतला आणि परत ठेवला.

सिंथ चालू केला. काय आवाज, मंडळी... जड, गोल, जुन्या पितळी भांड्यासारखा. संध्याकाळी दादा आले, डाव्या हाताने एक लांब सूर धरला आणि सोडेचनात. हात कापत नव्हता. संगीताने ओढणी तोंडाला लावली. मी विनोद केला, कोणी हसलं नाही. पेटी रिक्षात घालून दिली.

रविवारी सकाळी साडेनऊला मी आंघोळ करून पांढरा सदरा घालून तयार. कार्यक्रम दहाचा. मंगल दुकानातलं टेबल आवरत होती, हे काम ती मी बाहेर पडायच्या वेळीच काढते.

"हाई काय राही गयं?" तिने तळहात पुढे केला.

तळहातावर निळी चकती होती. नवी. पाय न कापलेले.

दोन क्षण मला काही कळलं नाही. मग कळलं. ट्रेमध्ये मी ती काढून ठेवली होती, आणि बसवताना शेजारच्या खणातली साधी तपकिरी उचलली होती. चाळीस वर्षांच्या धंद्यात — बरं, तीस — ही चूक मी कधी केली नव्हती. तीन दिवस त्या आधीच्या कारागिराचा विचार करत काम करत होतो, त्याचं हे फळ.

मग त्या ट्रेशेजारच्या थर्माकोलकडे नजर गेली. म्हातारे कंडेन्सर नकाशासारखे खोचलेले. ती एक जागा रिकामी. आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला की कोणीही मला बनवत नव्हतं.

दादांना फोन केला. वाजत राहिला. संगीताचा बंद. कार्यक्रमाला बसलेला माणूस फोन उचलत नाही. टेस्टर खिशात टाकला आणि स्कूटर काढली. बमरोली ते भेस्तान काही लांब नाही, पण त्या दिवशी रेल्वेच्या फाटकाने, तागे लादलेल्या दोन टेम्पोंनी आणि एका गायीने मिळून माझी परीक्षा घेतली. सिंथ दोन दिवस दादांच्या घरी चालला होता, काही झालं नव्हतं, मग आजच का होईल, असं स्वतःला सांगत होतो. पण घरी दादा खाटेवर बसून वाजवायचे, पाय वर घेऊन.

विहाराच्या अंगणात मंडप. शंभर-सव्वाशे माणसं, पांढरे कपडे, पुढे बायका बसलेल्या. वंदना नुकतीच संपली होती. स्टेज म्हणजे विहाराचाच फरशीचा ओटा, सकाळीच धुतलेला, अजून ओला. त्यावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, म्हणून वर जाताना प्रत्येकाने चपला खाली काढलेल्या. दादाही अनवाणी. लोखंडी स्टँडवर सिंथ, त्याचा लाल दिवा लागलेला. संगीता माइकसमोर. दादा हात पुसत सिंथकडे चाललेले.

"दादा, थांबा," मी मागूनच ओरडलो. "हात लावू नका. शॉक आहे त्याला."

सव्वाशे माणसं वळली. आणि मंडळी, हसली. सगळ्यांना ते लग्न आठवलं. कोणीतरी म्हणालं, "आला नाटक्या." एक म्हातारबा म्हणाले, "आज तरी सोड रे बाबा."

दादांच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. ते दुखावले होते. "दिनूभाऊ, आज नको," एवढंच म्हणाले, हात जोडून म्हणाले, आणि पुढे वळले.

मी बायकांमधून वाट काढत धावलो. कोणाचा तरी डबा लवंडला. ओट्यावर बुटांसह चढलो, त्याबद्दल नंतर माफी मागितली. दादांचा डावा हात, तोच सहा महिने पाटावर घडवलेला हात, पेटीच्या पत्र्याच्या काठापासून वीतभर असेल. मी त्यांचं मनगट धरलं. ते सोडवायला लागले. झटापट झाली. एका हाताने त्यांना धरून मी दुसऱ्या हाताने टेस्टर पत्र्याला लावला.

टेस्टरचा दिवा लागला. मंद नाही, पूर्ण.

मंडप गप्प झाला. पुढे बसलेल्यांना तो दिवा दिसला होता. मिलमध्ये काम केलेली माणसं ती, कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मी वायरीपाशी जाऊन प्लग उपटला.

कार्यक्रम झाला. संगीता नुसत्या ढोलकीवर गायली, आणि दादा खुर्चीवर बसून मांडीवर बोटं फिरवत तिला साथ करत होते. संध्याकाळी मी पेटी दुकानात आणली. तपकिरी चकती आतून जुळली होती, काळा ठिपका पडला होता. ती कापून काढली. निळी बसवली नाही. ती जागा मोकळी ठेवली, नवी तीन पिनांची वायर घातली, पत्रा अर्थिंगला जोडला. पुढच्या महिन्यात दादांनी घरीच बैठक ठेवली आणि दोन तास वाजवलं.

आता तुम्ही म्हणाल, मग सही तूच नंतर केली असशील आणि ती कशीतरी मागच्या काळात पोहोचली असेल. नाही. मी ती केलेली नाही, आणि करणारही नाही. झाकणाची आतली बाजू आजही कोरी आहे, दादा बोलावतील तेव्हा कोणीही येऊन पाहावी. फुगलेले जुने कंडेन्सर माझ्याकडे काचेच्या बरणीत आहेत, विटकरी ठिपक्यांसकट. हर्षदभाईंनी ते भिंग लावून पाहिले. म्हणाले, "काम तारुं ज छे." तुझंच आहे. कामाचं वय विचारलं तर म्हणाले, तुझ्या दुकानाहून जास्त. त्यानंतर ते दुकानात चहा घेत नाहीत, बाहेर ओट्यावर घेतात. मी या गोष्टीचा सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. ज्याने ते काम केलं त्याला माझा अंगठा होता, माझं अक्षर होतं, आणि माझ्याहून जास्त अक्कल होती. तो कोण, कुठून लिहीत होता आणि तो जिथे होता तिथे त्या दिवशी दादांचं काय झालं होतं की त्याला ते लिहावं लागलं... हे मला ठाऊक नाही. शेवटच्या प्रश्नावर मी फार वेळ थांबत नाही.

एक सांगायचं राहिलं. टेस्टरचा दिवा लागला आणि सगळा मंडप गप्प झाला, तेव्हा माइक चालू होता. संगीता बापाकडे बघत होती, ओल्या फरशीवरच्या त्यांच्या उघड्या पायांकडे. गाण्याआधी म्हणायला तोंडपाठ केलेलं स्वागताचं भाषण ती विसरली, आणि विहाराच्या चारही भोंग्यांतून सगळ्या वस्तीला ऐकू गेलं —

"बाबा, आधी चपला घाला."